मिशरीच्या डबीत मीठ

मी एक जुनी पितळी डबी आहे, मित्रांनो, आणि मी चांगली डबी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

धुळ्याच्या एका कासाराने मला ठोकून घडवलं. झाकणाला बिजागरी, कडेला वेल आणि वर ‘धुरपदा’ हे नाव. लेकीच्या लग्नात आईने मला इतर भांड्यांबरोबर दिलं. सावद्याजवळच्या एका केळीच्या गावात मी सासरी आले. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून तिची दातांना लावायची मिशरी माझ्यात भरत. भाजताना घरातली पोरं खोकून खोकून रडत, पण तवा कुणी उतरवला नाही. मिशरीने दात बळकट होतात, असं जो तो सांगायचा. सांगणाऱ्यांचे दात कुणी मोजले नाहीत.

माझं कौतुक मात्र फार झालं. दुपारी भांडी आटोपली की ओट्यावर बायका जमत. धुरपदाबाई मला कमरेतून काढायची. तिची धाकटी जाऊ सुनंदाबाई पहिलं बोट घालायची, मग शेजारची बेबाबाई. उन्हातान्हात केळीच्या बागेत राबून आलेल्या त्या बायकांना तेवढीच अर्ध्या घटकेची सावली होती. ती सावली माझ्यामुळे आहे, असं मला वाटायचं. मी फुगले होते.

बावीस वर्षं अशी गेली. एकोणसत्तर साली धुरपदाबाईच्या गालात आतून गाठ आली. तिचा नवरा चुडामण तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. दोन महिने विजेचा शेक दिला. ती परत आली तेव्हा गाल करपलेल्या भाकरीसारखा काळा पडला होता आणि तोंडातली लाळ आटली होती. पण गाठ गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं : तंबाखूला हात लावायचा नाही, मिठाच्या पाण्याने दिवसातून पाच वेळा चूळ भरायची, दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं, आणि जबडा आखडू नये म्हणून रोज दातांत काड्या धरून बसायचं, एकेक काडी वाढवत.

ती हे सगळं करत होती. गाव काय करत होतं? ऐका. सुनंदाबाईने तिच्यासाठी जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक पेला आणि एक ताटली वेगळी काढली. ही भांडी धुरपदाबाईनेच राखेने घासून अंगणात पालथी घालायची, घरात आणायची नाहीत. कॅन्सर उष्ट्यातून लागतो, हे कोणत्या डॉक्टरने सांगितलं होतं? कुणीच नाही. पण गावाला डॉक्टर लागत नाही. धुरपदाबाई ओट्यावर आली की बायकांना अचानक चुलीवरचं दूध आठवायचं. मरणाच्या दारातून बाई परत आली, आणि तिला घराच्या दाराशी बसवलं. मी कोनाड्यात पडून होते. मला मात्र कुणी वेगळं काढलं नाही. सुनंदाबाई मला घेऊन ओट्यावर जायची.

एका दुपारी सुनंदाबाईलाच वाईट वाटलं असावं. ती धुरपदाबाईजवळ येऊन बसली, माझं झाकण उघडलं आणि चिमूट तळहातावर घेऊन पुढे केली.

“घे व अक्का, लाव थोडीशी. हिरड्यायले बरं वाटीन. किती दिवस अशी एकटी बसशीन?”

मित्रांनो, सात महिन्यांत धुरपदाबाईपुढे कुणी हात केला नव्हता. आणि आज केला तो माझ्यासकट! मी तिचं बोट पाहिलं. ते तळहातापर्यंत आलं. तिला मी नको होते. तिला तो हात हवा होता. बोट तिथेच थांबलं.

“नही बाई,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणे, याले हात लावला तं मुंबईले येऊच नको, सरळ मसणात जाय.”

“मंग नको बसू आमच्यात!” सुनंदाबाई फणकारून उठली.

“बस खाली. एक काम कर. तीन बोटं उभी धर अन् तोंडात घाल. मले दवाखान्यात दर खेपेले करायले लावता, तोंड किती उघडतं ते पाहायले.”

ओट्यावरून बेबाबाई हसली, “माह्या तोंडात तं आख्खी भाकर जाते, बोटायचं काय घेऊन बसली!” आणि तिने तीन बोटं घालून दाखवली. सुनंदाबाईनेही हसत हात तोंडाशी नेला. दोन बोटं गेली. तिसरं जाईना.

“थंडीनं आखडलं असीन,” ती म्हणाली.

“वैशाखात?” बेबाबाईचं हसू मावळलं.

धुरपदाबाईने सुनंदाबाईला उन्हाकडे वळवलं आणि गालाच्या आत पाहिलं. पांढरा, जाड चट्टा होता. वर्षभर तिला तिखट सोसत नव्हतं. ती कुणाला बोलली नव्हती. आग व्हायची तिथे ती मिशरीच दाबून लावत होती.

“तुह्यापासूनच लागलं मले!” ती किंचाळली. “तुहा पेला वेगळा केला, तरी लागलं!”

“पेल्याले तू बोट नही लावलं,” धुरपदाबाई म्हणाली. तिने मला उचलून सुनंदाबाईच्या डोळ्यांपुढे धरलं. “ह्या डबीत तं आपण दोघीयनं बावीस वर्षं बोट घातलं. हिले कोनं वेगळं काढलं?”

बेबाबाईने आपलं बोट पदराला पुसलं.

दुसऱ्या दिवशी दोघींनी भुसावळहून मुंबईची गाडी धरली. चिठ्ठी कोणत्या खिडकीत काढायची, रात्री कुठे पथारी टाकायची, हे घरातल्या बायकांत एकट्या धुरपदाबाईला ठाऊक होतं. पण फार उशीर झाला होता. सुनंदाबाई चौदा महिने जगली. त्या चौदा महिन्यांत दोघी समोरासमोर बसून दातांत काड्या धरायच्या. दादर जातीच्या ज्वारीची पेज एकाच वाटीतून घ्यायच्या. जर्मलचा तो पेला सुनंदाबाईने एका सकाळी आपल्या हाताने उचलला आणि घरात आणून माठावर ठेवला. ती गेली तेव्हा तोंडात शेवटचं पाणी त्याच पेल्याने घातलं.

आता बायका धुरपदाबाईला तोंड दाखवायला येतात. काही मागच्या दाराने येतात, लाजतात. येऊ देत, कोणत्याही दाराने येऊ देत. ती दर तपासणीला जाते, आणि जाताना कुणी ना कुणी बरोबर असते.

मिशरी तिने उकिरड्यावर ओतली आणि माझ्यात चूळ भरायचं मीठ भरलं. मीठ पितळेला खातं, हे तिला ठाऊक आहे. माझ्या बुडाला हिरवं चढलंय, बिजागरी तुटलीय. खाऊ दे.

तुमच्या शाळेच्या निबंधात जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला सांभाळा. मी तसं म्हणणार नाही. माझ्यासारख्या डब्या तुमच्याही घरी आहेत, कोनाड्यात, आजीच्या कमरेला. आज घरी गेलात की आईला तीन बोटं तोंडात घालायला सांगा. ती हसेल, रागावेल. हट्ट सोडू नका. आणि बोटं गेली नाहीत, तर शाळा बुडवा, मास्तर मारतील ते मारू द्या, पण तिला एकटीला गाडीत बसवू नका.