गाडीआडची शिकार

शिकारीला बाईनं जाऊ नये, असं तात्यासाहेबांचं मत होतं. सगळं औरंगाबाद आमच्या यांना तात्यासाहेब म्हणायचं, म्हणून मीही इथं तसंच लिहिते. त्यांची मतं पुष्कळ होती. जीपचे दिवे मारून हरीण मारतो तो शिकारी नव्हे, खाटीकही नव्हे, कारण खाटीक निदान उजेडात धंदा करतो. मादीवर बंदूक धरू नये. शिकारीच्या आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नये, वाऱ्यावर वास जातो. रानात मातकट कपडाच घालावा. कुणाच्या सदऱ्याला पांढरं बटण दिसलं तरी ते त्याला वाटेतून परत पाठवायचे. आणि ज्याला घटकाभर गप्प बसता येत नाही त्याला सरकारनं नोकरी देऊ नये, मंत्री तर मुळीच करू नये. हे सगळं ते जेवताना सांगत. मी वाढत असे.

त्या थंडीत लासूरला शिकार ठरली तेव्हा मीच म्हटलं, "मी येते लासूरला."

"तुझं काय काम तिथं?"

"गाडीत बाई बसलेली असली की हरणांना वाटंल, घरची माणसं शेतावर निघालीत."

त्यांनी घास हातातच ठेवला आणि विचार केला. दुसऱ्या दिवशी दारात आलेल्या शेजाऱ्याला ते सांगत होते, "गाडीआडच्या शिकारीला एक बाई पाहिजेच. माझं पहिल्यापासून मत आहे."

माझं खरं कारण निराळं होतं. दिवाळीपासून त्यांच्या उजव्या डोळ्यावर पडदा येत चालला होता. चहा बशीबाहेर ओतला जायचा. दाराची कडी ते हातानं चाचपून लावायचे. एकदा खुंटीवर वाळत टाकलेल्या माझ्या लुगड्याला म्हणाले, "कधी आलीस?" बंदूक ते उजव्या डोळ्यानं धरत. मी डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, "गयासच्या कानावर घातलंस तर बघ. शपथ आहे तुला." मी शपथ घेतली. नवऱ्याचा मान राखायला बायका काय काय घेतात, त्यात ही एक.

गयासभाईंचं शहागंजात चादरींचं दुकान. दोघं एका शाळेत उर्दूतून शिकले आणि एकाच वर्षी नापास झाले, तेव्हापासूनची दोस्ती. आधी दोघांकडं बंदुका होत्या. पोलीस ॲक्शननंतर सगळ्यांच्या जमा झाल्या. आमची परत आली, गयासभाईंची आली नाही. त्यावर दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. पुढच्या थंडीला गयासभाई सुरी घेऊन दारात उभे राहिले, एवढंच. त्या दिवसापासून बंदूक आमची, सुरी त्यांची. जनावर पडलं की जीव असेपर्यंत गयासभाईंनी पोचायचं आणि बिस्मिल्ला म्हणून मानेवर सुरी फिरवायची. आधीच मेलेलं त्यांच्या घरात चालत नाही. जे गयासच्या घरी जात नाही ते आपल्या चुलीवर चढायचं नाही, हे तात्यासाहेबांचं आणखी एक मत. म्हणजे ते आमच्याही घरात चालत नसे. त्यामुळं बार झाला की गयासभाई सुटायचे. धूर विरायच्या आत माणूस शेताच्या मध्यावर.

मागल्या थंडीपासून मात्र ते मागून पळेनासे झाले. "गुडघे तक्रार करतात," म्हणायचे. लांबून वळसा घालून, बांधाच्या आडोशानं पुढं जायचं आणि कळपाजवळ आधीच पडून राहायचं, असं त्यांनी सुरू केलं. म्हणजे बंदुकीच्या तोंडासमोरच, थोडं बाजूला. ते 'थोडं' सांभाळणं तात्यासाहेबांच्या नजरेवर होतं. आणि त्या नजरेत काय उरलंय, हे एकटी मी जाणत होते.

म्हणून मी गेले.

लासूर स्टेशनला उतरलो तेव्हा ऊन नुकतंच पडलं होतं. कडूबा गाडी जुंपून उभा होता. त्याचा हरभरा हरणांनी खाऊन टाकला होता, त्यानंच निरोप धाडला होता.

"वैनी बी आल्या व्हय?" तो म्हणाला. "आता शिकार जाती कुठं! आमची ही नुसती शेतात उभी ऱ्हायली तरी पाखरं उडत्यात."

"पाखरं उडवायला नाही आलो," तात्यासाहेब म्हणाले. "गप्प राहायचं."

थोडं पुढं गेल्यावर गयासभाईंनी अंगावरची मातकट शाल काढून गाडीत टाकली. आत पांढरा कुर्ता आणि वर काळं जाकीट.

"हे काय?" मी म्हटलं.

"दुपारी भाचीची मंगनी आहे ना भाभी, इथंच लासूरला. मामू खाकीत गेला तर पोराकडचे चोर समजतील. इथूनच सरळ जातो."

मी तात्यासाहेबांकडं पाहिलं. ते गयासभाईंच्या शेजारीच उभे होते, हात लांबवला तर जाकिटाला लागेल इतके जवळ. पांढऱ्या बटणावरून माणसं हाकलणारे. आता हे ओरडतील, गयासला बांधावर बसवून ठेवतील, आणि माझा घोर मिटेल, असं मला वाटलं.

"वारा बरा आहे," ते म्हणाले. "चल गयास, सूट."

डोळा अधू झालाय हे मला ठाऊक होतं. इतका गेलाय हे नव्हतं.

"गयासभाई," मी म्हटलं, "आज तुम्ही गाडीजवळच थांबा की."

"मी इथं थांबलो तर काळवीट काय आपल्या हातानं गळा कापून घेईल, भाभी?"

"शाल तरी घ्या."

"गवतात कुसळं लागतात तिला. बायको घरात घेणार नाही."

तात्यासाहेबांनी माझ्याकडं वळून पाहिलं. त्या पाहण्यात शपथ होती. मी तोंड मिटलं. गयासभाई बांधाच्या कडेनं वाकून चालू लागले, आणि जरा वेळानं ज्वारीच्या धाटांआड दिसेनासे झाले.

गाडीआडची शिकार म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. हरणं माणसाला भितात, बैलगाडीला भीत नाहीत. शिकारी गाडीच्या पलीकडल्या अंगाला, चाकालगत चालतो. गाडी सरळ कळपाकडं न्यायची नाही. लांबून गोल फिरवायची, आणि प्रत्येक फेऱ्याला गोल लहान करत आणायचा. बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढायची नाहीत. मुकी गाडी हरणाला संशयाची वाटते. कडूबा पुढं बसून काहीतरी गुणगुणत होता. मी रिकाम्या पोत्यांवर बसले होते. माझ्या गुडघ्याशेजारून, गाडीच्या कडेवर एक हात ठेवून तात्यासाहेब चालत होते. लोकांना वाटावं, शिकाऱ्याचा डौल. तो हात आधाराला होता.

कळप हरभऱ्यात होता. तांबूस माद्या, आणि त्यांच्यात एक काळवीट, पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं. मान वर करून त्यानं गाडीकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. पलीकडं तुरीचा पट्टा होता. मी बांध धुंडाळत होते. गयासभाई बांधावर नव्हते.

"अहो," मी हळूच म्हटलं, "गयासभाई कुठं आहेत?"

"श्श."

"बांधावर नाहीत ते."

"असेल तिथंच. तू समोर बघू नको, हरीण ओळखतं." त्यांचा आवाज खुशीत होता. शिकारीत ते नेहमी तरुण व्हायचे.

दुसरा फेरा झाला. तिसऱ्याला आम्ही इतके जवळ गेलो की हरभऱ्याचे घाटे ओळखू यावेत. कडूबानं कासरा ओढला. बैल थांबले. तात्यासाहेबांनी बंदुकीची नळी माझ्या पायाशेजारी गाडीच्या कडेवर टेकवली आणि गाल लावला.

त्याच वेळी काळवीट चार पावलं चालून माद्यांच्या मागं गेलं.

नळी हलली नाही. तुरीच्या तोंडाशीच ती रोखलेली राहिली. मी नळीच्या रेषेनं पाहिलं. तुरीच्या दोन ओळींमध्ये काहीतरी काळं ओणवं होतं, काळ्याखाली पांढरं. हळूहळू पुढं सरकत होतं. मग मला त्याच्या हातातली सुरी चमकलेली दिसली.

हाक मारावी तर गयासभाई उठून उभे राहतील, आणि यांचं बोट चापावर. यांना हाक मारावी तर दचकून बोट दाबलं जाईल. हे सगळं मला तेव्हा सुचलं असं मी आता म्हणते. तेव्हा काही सुचलं नव्हतं. मी पाय नळीखाली घातला आणि होती नव्हती ती ताकद लावून ती वर उडवली.

बार आभाळात गेला.

बैल उधळले. मी पोत्यांवर उताणी. कडूबा "हो, हो, अरं हो!" करत कासऱ्याला लोंबकळत होता. कळप उड्या घेत ज्वारीपार झाला. गाडी बऱ्याच लांबवर जाऊन नांगरटीत रुतून थांबली. मी उतरले आणि पदर सावरत मागं पळाले. कानात नुसती शिट्टी वाजत होती.

तात्यासाहेब होते तिथंच उभे होते.

"अगं तू बाई आहेस का कोण!" ते ओरडले. "ऐन वेळेला! काळवीट समोर उभं होतं, नुसतं—"

आणि तुरीतून गयासभाई बाहेर आले. बार ऐकला की पळायचं, ही इतक्या वर्षांची सवय. हातात सुरी, तोंडानं "बिस्मिल्ला, बिस्मिल्ला", आणि पडलेलं जनावर शोधत ते हरभऱ्यात इकडं तिकडं धावत होते. जिथं नळी रोखलेली होती, नेमके तिथूनच उठले होते.

एवढ्या लांबून काळं काय आणि पांढरं काय, यांना नीट दिसलं नसेल. पण ते दोन पायांवर पळतंय हे दिसलं. तात्यासाहेबांचं वाक्य तिथंच तुटलं. ते खाली बसले, ढेकळांवरच.

गयासभाई धापा टाकत आले. "कुठं गेलं? लागलं ना?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बंदुकीकडं, मग वळून तुरीकडं. सुरी त्यांनी कुर्त्याला पुसली, तिला काहीच लागलेलं नसताना.

तात्यासाहेब उठून चार ढांगा दूर गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. गयासभाई माझ्याजवळ सरकले.

"भाभी," अगदी हळू, "तुम्हाला ठाऊक होतं?"

मी मान डोलावली. "शपथ घातली होती. तुम्हाला?"

"मागल्या थंडीपासून. ती दोन हरणं आणली ना, दोघांना पायात लागलं होतं. लांब पळाली असती. मी आधीच जवळ होतो म्हणून धरली. त्याला म्हटलं, काळजात बसली, वाहवा." त्यांनी कपाळावरचा घाम टिपला. "त्याच्यासाठी तर जवळ जाऊन पडतो मी. गुडघे काय, ठीक आहेत."

मला हसू यावं की काय व्हावं, कळेना. एका माणसाचा मान राखायला मी गप्प बसले, गयासभाई बंदुकीपुढं जाऊन पडले, आणि आमच्या दोघांच्या भलेपणात आज एक मढं निघणार होतं.

तेवढ्यात कडूबा बैल धरून आला. चिडला होता, पण पाहुण्यांपुढं हसत होता. "वैनी, उडवलं की वो हरीण! म्हटलं नव्हतं मी? बाईमाणूस रानात आलं की—"

"व्हय बाबा," मी म्हटलं. "माझाच पाय लागला बंदुकीला. झोप लागली होती."

"हौ," गयासभाई लगेच म्हणाले, "भाभीला गाडीत झोप येते. मी बांधावरून बघत होतो ना."

"तू बांधावर नव्हतास," तात्यासाहेब म्हणाले.

ते वळले होते. जवळ आले. हात पुढं करून त्यांनी गयासभाईंचं जाकीट चाचपलं, आधी कापड, मग एकेक बटण.

"काळं आहे?"

"हां, जरासं—"

"काळं आहे का?"

"हौ. काळं आहे."

"कडूबा," तात्यासाहेब म्हणाले, "हिचा काही दोष नाही. मला दिसत नाही."

कडूबा मोठ्यानं हसला. "तुमाला दिसत नाय? तुमाला? मग आमी तर आंधळेच म्हनायचं!"

"मला उजव्या डोळ्यानं दिसत नाही, कडूबा. मी गयासवर बंदूक धरली होती."

कडूबाचं हसू विरलं. त्यानं बैलांच्या पाठीवर हात फिरवायला सुरुवात केली, बैलांना त्याची गरज नसताना.

गयासभाईंनी चेहऱ्यावर नवल आणलं. फार वाईट आणलं. "या अल्ला! कबसे?"

"दिवाळीपासून. आधीपासून असेल." त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "हिला मीच गप्प बसवलं होतं. तुला कळलं तर तू यायचा बंद होशील, वाटलं."

गयासभाई खालचं एक ढेकूळ पायानं फोडत राहिले.

तात्यासाहेबांनी बंदूक मधून उघडली. दुसऱ्या नळीत काडतूस तसंच होतं. इतका वेळ ती भरलेली बंदूक आमच्या मधोमध फिरत होती. त्यांनी ते काडतूस काढलं, खिशाच्या तोंडाशी दोनदा चुकलं, मग आत गेलं.

"दुसऱ्या डोळ्यानं काय दिसतं?" गयासभाईंनी विचारलं.

तात्यासाहेबांनी उजव्या डोळ्यावर तळवा धरला आणि आमच्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "तू दिसतोस. दाढी करायची राहिलीय तुझी, मंगनीला असा जाऊ नको. कडूबा दिसतोय. ही..." ते माझ्याकडं वळले. "हसायला काय झालं गं?"

एरवी मी ते तसंच जाऊ दिलं असतं. जेवताना सांगितलेली इतकी मतं जाऊ दिली होती, त्यात आणखी एक.

"हसत नाही हो," मी म्हटलं. "रडतीये."

त्यांनी तळवा खाली घेतला. म्हणजे दुसरा डोळाही धड नव्हता. मग गयासभाईंनी घसा साफ केला.

"तात्या, मग माझं पण ऐकून घे. मागल्या थंडीची ती हरणं. काळजात नव्हती लागली. पायात लागली होती."

"कुठलं?"

"दोन्ही."

"दोन्ही?"

"हौ."

शेतापलीकडं हरणं गेली होती त्या बाजूला तात्यासाहेबांनी तोंड केलं, आणि मग, जरा चुकीच्या ठिकाणी, गयासभाईंच्या खांद्यावर म्हणून हात टाकला. तो हवेतच राहिला असता. गयासभाई अर्धं पाऊल सरकून त्याच्याखाली आले.