पुण्याची जागा

"तुमी सोता गेलत्या काय कुठी?" हिरालालने विचारलं.

वर्षालीने चहाचा कप खाटेच्या पायाशी ठेवला. अकरा वर्षांत अशा दोनशे तरी अंगणांत तिने चहा घेतला असेल. खेड्यांतली मुलं कॉलेज संपवत आली की त्यांना अर्ज लिहायला, मुलाखतीत बोलायला शिकवायचं, कुठेतरी कामाला लावायचं, आणि शेवटी त्यांच्या वडिलांना समजवायला घरी जायचं, हे तिचं संस्थेतलं काम. बाहेर पडलेल्या जुन्या मुलांशी नातं टिकवायचं कामही तिच्याचकडे. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या ऑफिसात ती या विभागाची प्रमुख होती. वडील काय विचारतात ते तिला पाठ होतं. राहायचं कुठं, सोबत कोण, लग्नाचं काय. हा प्रश्न मात्र आजवर कुणी विचारला नव्हता.

"म्हणजे?"

"म्हंजे, पोरीनं पुन्याले जावं म्हनता तुमी. तुमी गेलत्या का कदी घर सोडून?"

हिरालाल उईके बोरच्या जंगलात वनमजूर होता. हिंगणीच्या टोकाला त्याचं घर. त्याची स्वीटी बी.एस्सी. झाली होती आणि पुण्यातल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत निवडली गेली होती. वर्षालीने पाठवलेल्या चाळीस मुलांतून एकटी. संक्रांत झाल्यावर रुजू व्हायचं होतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि वर्षालीच्या तोंडाकडे बघत होती.

खरं उत्तर सोपं होतं. माहेर देवळी, सासर वर्धा, मध्ये वीसेक किलोमीटर. पूर्वी ट्रेनिंगसाठी दोन-दोन दिवस पुण्याला, एकदा भोपाळला, की परत घरी.

"मी बी चालली ना पुण्याले," वर्षाली म्हणाली. "पुढच्या महिन्यात. संस्थेनं मले तिथलं काम देल्लं."

हिरालालने तिच्याकडे नीट पाहिलं. जनावराच्या पावलाचा माग ताजा की जुना हे पाहावं तसं.

"मंग हरकत नाई," तो म्हणाला. "तुमी हाय तं पाठवतो."

स्वीटी आत पळाली. आत काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला आणि तिच्या आईचं, गंगाचं, हसणं.

बसमध्ये बसल्यावर वर्षाली हिशेब लावत राहिली की आपण खोटं बोललो का. आठ दिवसांपूर्वी संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसातून राकेश सरांचा फोन आला होता. पूर्ण राज्याच्या माजी विद्यार्थी विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली होती, तुमचंच नाव आहे, महिनाअखेरीपर्यंत कळवा म्हणाले होते. तिने घरी अजून सांगितलं नव्हतं. पण नाही असंही कुणी म्हटलं नव्हतं. वाटेत सेलू येईपर्यंत तिने ठरवून टाकलं, ते खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने धनंजयला सांगितलं. तो हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापूस मोजायच्या काट्यावर होता, रोज जाऊन-येऊन करायचा. जेवता जेवता त्याने ऐकून घेतलं.

"जाय ना मंग. असा चान्स कोन सोडते?"

"खरंच म्हणता?"

"मी कुठं नाई म्हनून राह्यलो?" हात धुऊन आल्यावर तो टॉवेल घेऊन तिथेच उभा राहिला. "फक्त आईचं कसं करायचं, तेवढं सांग मले."

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या वडिलांना, भावांना, नवऱ्यांना काय सांगायचं ते तिच्याकडे तयार होतं. या प्रश्नाचं उत्तर तिलाही कुणीतरी सांगायला हवं होतं.

तिची सासू कोकिळाबाई तीन वर्षांपासून लकव्याने आजारी होती. उजवी बाजू गेलेली. घास गिळताना श्वासनळीत जायचा धोका, म्हणून भरवायचं एक तंत्र होतं. हनुवटी थोडी खाली, अर्धा चमचा, घास उतरेपर्यंत दहा मोजायचे, मध्ये त्यांना बोलू द्यायचं नाही. दुपारच्या सुट्टीत वर्षाली ऑफिसातून घरी यायची ती त्यासाठीच. धनंजयने दोनदा करून पाहिलं होतं. दोन्ही वेळा अर्ध्यातच चमचा तिच्या हातात दिला होता.

मागच्या गल्लीतल्या अन्नपूर्णाबाई यायला तयार झाल्या. वर्षालीने त्यांना दोन दिवस समोर बसवून शिकवलं. अन्नपूर्णाबाई हुशार, ओठांतल्या ओठांत दहा मोजायच्या. तिसऱ्या दिवशी वर्षाली ऑफिसात थांबली. वर्गात मुलाखतीचा सराव चालला होता. समोरच्या मुलीला तिने नुकतंच विचारलं होतं, "तुमच्याबद्दल सांगा," आणि फोन वाजला. फोनवर अन्नपूर्णाबाईंचं नुसतं रडणं.

ती पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी कोकिळाबाईंना दवाखान्यात नेलं होतं. जीव वाचला. छातीत घास गेला होता, चार दिवस ठेवावं लागेल म्हणाले डॉक्टर.

"मी धा मोजले वो ताई," अन्नपूर्णाबाई दाराशी उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. "पन त्या मधातच बोलाले गेल्या."

"काय बोलल्या?"

"मायं नाव घेतलं. चांगलं झालं वरन म्हनल्या अन्..."

कोकिळाबाईंनी डोळे उघडले ते संध्याकाळी. सुनेला पाहून तोंड वाकडं करत, एकेक शब्द ढकलत म्हणाल्या, "तिची... चूक... नाई."  पुण्याला जाऊ नको असं त्यांनी आधीही म्हटलं नव्हतं, आताही म्हटलं नाही. डाव्या हाताने नुसती चादर सारखी करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून वर्षालीने पुण्याला फोन लावला.

"सर, मला जमणार नाही."

"घाई करू नका, वर्षालीताई. अशी जागा पुन्हा निघेलच असं नाही."

"हो सर. माहीत आहे."

पलीकडे कागदांची सळसळ झाली. "मग कुणाचं नाव सुचवाल? तुमच्या जुन्या मुलांपैकी कुणी?"

नाव शोधावं लागलं नाही. अंकिता. पहिल्या तुकडीतली, आर्वीकडची, मुलाखतीत दोनदा रडलेली पोरगी. आता पुण्यात एका संस्थेत सहा वर्षं काम करत होती. वर्षालीने नाव सांगितलं, नंबर सांगितला, आणि ती या कामाला का योग्य आहे तेही सांगितलं. सगळं मिळून तीन मिनिटं लागली.

वर्षालीने स्वीटीला फोन करून सांगितलं. स्वीटी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, बाबाले नका सांगू. गाडी निघू द्या. मंग सांगजा."

वर्षालीनेही तेच ठरवलं होतं. तिकीट काढून झालं होतं. वसतिगृहाची खोली पक्की होती. स्वीटी पुण्यात पोचल्यावर हिरालाल काय करणार होता? पण शनिवारी कोकिळाबाईंना भरवताना तिचं मोजणं तीनदा चुकलं, आणि रविवारी सकाळी ती हिंगणीच्या बसमध्ये बसली.

"मी नाई येऊन राह्यली पुण्याले," अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या ती म्हणाली. बसलीसुद्धा नाही. "घरी सासूबाई आजारी हायेत. माझी जुनी विद्यार्थिनी हाय तिथं, अंकिता. थे स्टेशनवर घ्याले येईन. पण मी नाई."

स्वीटीने मान खाली घातली. हिरालाल कुऱ्हाडीचा दांडा तासत होता, तो थांबला.

"मंग थ्या दिवशी खोटं काऊन बोलल्या?"

"थ्या दिवशी मले वाटलं होतं जाईन म्हणून."

हिरालालने मान हलवली. मग तो गंगाकडे वळून गोंडीत काहीतरी बोलला. गंगाने एका शब्दात उत्तर दिलं. तो पुन्हा बोलला. आता ती बराच वेळ बोलली, हात न हलवता, आवाज न चढवता. वर्षालीला त्यातलं फक्त 'पुणे' कळलं. तिने स्वीटीकडे पाहिलं. स्वीटी नखाने चौकटीचा रंग खरवडत राहिली.

"मी जातो संग," शेवटी हिरालाल म्हणाला.

"तुम्ही?"

"कोनी तं पाह्यजे ना संग. मी थे जागा पाहून येतो. बरी असन तं ठेवतो, नाई तं वापस आनतो." त्याने दांडा भिंतीला टेकवला. "सायबाले सांगतो, चार दिवस नाई येत. जंगल कुठी पळून नाई चाललं."

वर्षाली निघाली तेव्हा तो फाट्यापर्यंत सोबत आला. बस दिसू लागल्यावर म्हणाला, "जाले पाह्यजे होतं मॅडम तुमी." रागाने नाही. आणि तिने बसला हात दाखवला.

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी पुण्याची दुपारची गाडी वर्ध्याला सात मिनिटं उशिरा आली. हिरालालने खाकी स्वेटर घातला होता, उन्हातही काढला नव्हता. नागपूरहून लांब तो कधी गेला नव्हता. डब्यात चढल्यावर त्याने आधी सगळ्या कड्या-खिट्ट्या हलवून पाहिल्या, मग पोरीला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः वाटेच्या बाजूला बसला. स्वीटीने खिडकीतून हात बाहेर काढला. वर्षालीने तो धरला. दोघींना काही बोलायचं होतं, पण स्वीटीचे डोळे सारखे सिग्नलकडे जात होते.

"पोचल्यावर फोन कर."

"हो मॅडम." आणि गाडी हलली.

ती पूर्ण गेल्यावर वर्षाली बाकावर बसली. फोन वाजला. धनंजयने आईसाठी अर्धी सुट्टी टाकली होती.

"आई उठली. भूक लागली म्हनते. तू निघाली का?"

"हो, निघाले."

तिने फोन पर्समध्ये ठेवला. वरच्या भोंग्यातून पुढच्या गाडीची घोषणा सुरू झाली, कुठे कुठे थांबणार त्या गावांची नावं एकामागून एक. पुलगाव, धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. शेवटचं नाव होईपर्यंत ती बसून राहिली.