मशीनबाई, त्यांना सांग

मित्रांनो, मी एक जुने रडार आहे. बेटावरच्या टेकडीवर गंजत उभे आहे. तुम्ही सहलीला येता आणि माझ्या जाळीवर दगड मारता. मारा. माणसांची माया मला उरलेली नाही.

युद्ध पेटले तेव्हा मला सुटे करून बोटीतून आणले आणि इथे जोडले. शत्रूची विमाने दुरूनच हेरायची, म्हणजे समोरचे बंदर वेळेत सावध होईल, हे माझे काम. माझ्या पडद्यासमोर थोरला साडू बसे, टेलिफोनपाशी धाकटा. दोघी सख्ख्या बहिणींचे हे नवरे. सासऱ्याने शिवणयंत्र धाकट्या लेकीला दिले, तेव्हापासून यांचा अबोला. पण एका खोलीत काम करायचे, मग बोलणार कसे? त्यांनी मला मध्ये घातले.

थोरला म्हणे, "मशीनबाई, साडूबुवांना सांग, चहात साखर बेताने घाला."

"मशीनबाई, त्यांना सांग, तोंडात असती तर चहात लागली नसती."

मोठे साहेब येत, माझी पाठ थोपटत. "हिच्यामुळे बंदर निर्धास्त झोपतं," म्हणत. मीही फुगले.

एका सकाळी पडद्यावर ठिपके उमटले. थोरला ओरडला, "मशीनबाई, सांग त्याला! विमानं आलीत, फोन लाव म्हणावं!"

घाईत 'त्यांना'चे 'त्याला' झाले.

धाकट्याने फोनवर हात दाबून धरला. "मशीनबाई, विचार, 'त्याला' म्हणजे कुणाला? मी काय यांच्या घरचा गडी?"

"अरे, लाव ना फोन!"

"बघ मशीनबाई, आता अरे-तुरे!"

ठिपके सरकत होते. मला तोंड असते तर मी किंचाळले असते. शेवटी थोरल्याने फोन हिसकावला. बंदरात भोंगा वाजला, तोवर बॉम्ब पडून गेले होते. थोरल्याची बायको त्या सकाळी बंदरात बहिणीकडे कपडे शिवायला गेली होती. ती त्या शिवणयंत्रावरच गेली. बहिणींमध्ये भांडण कधी नव्हतेच.

चौकशीला अधिकारी आले. "उशीर का झाला?"

थोरला खाली बघत म्हणाला, "मशीनला दिसलंच नाही."

"यांचं खरं आहे," धाकटा म्हणाला.

इतक्या वर्षांत त्यांचे पहिल्यांदा एकमत झाले, तेही माझ्या मुळावर. माझी वीज तोडली. साहेब पुन्हा फिरकले नाहीत.

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. भांडायचे तर तोंडावर भांडा, पण मध्ये मुक्याला घालू नका. कट्टी करून इथे आलात आणि "त्याला सांग" म्हणत माझ्याकडे वळलात, तर ध्यानात ठेवा: मी कुणाचा निरोप पोहोचवत नाही. तेव्हाही पोहोचवला नव्हता.