देवापुढे ठेवलेला बायोडाटा

धनेशचा बायोडाटा मोरोपंतांनी तीनदा लाल शाईने रंगवला. पेणच्या शाळेतून निवृत्त झालेले हे इंग्रजीचे मास्तर एखादा पूर्णविराम राहिला तरी सुतकी चेहरा करायचे. "प्रत्येक वाक्य 'आय'ने सुरू करू नकोस, सारखं मी मी करणारा माणूस कोणाला आवडतो? नाव, गाव कॅपिटलने. शिकून झालंय ते भूतकाळात. आणि कागद स्वच्छ हवा. साहेब आधी कागद बघतो, मग माणूस." बापाबरोबर मीठ ओढून तळवे फाटलेल्या धनेशला स्वल्पविराम काही केल्या उमगत नव्हता, पण तो हट्टाने बसून राहिला. यंदाही कारकुनी लागली नाही तर जन्मभर मिठागर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी मास्तरांनी कागद टाइप करून घेतला, खाली कार्बन घालून.

रोह्याला मुलाखतीला जायच्या सकाळी तो तोंड धूत होता, तेवढ्यात आईने, बायजाबाईने, कागद देवापुढे ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं. नव्या वस्तूला ते लावायचंच, मग घमेलं असो की सायकल. धनेशने ओल्या बोटाने पुसायला घेतलं आणि लाल फराटा त्याच्या नावावरून थेट शिक्षणापर्यंत गेला.

"आता बघ, तुझं काम व्हनार," ती म्हणाली.

रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीतल्या बाबूने कागद दोन बोटांत धरला. "पूजा घालून आणलास काय रे?" बाकावरची पोरं हसली. एकही ओळ न वाचता त्याने तो बाजूला सारला आणि पुढचं नाव पुकारलं. मास्तरांचे सगळे पूर्णविराम जागच्या जागी होते. ते कोणी पाहिलेच नाहीत, याचंच धनेशला रडू आलं.

परतीच्या एसटीत एकच आधार उरला होता. घरी पत्र्याच्या पेटीत कार्बनची प्रत होती, कोरी करकरीत. उद्या उजाडताच नागोठण्याला जायचं होतं, आणि त्यानंतर कुठूनच बोलावणं नव्हतं.

आई दारातच उभी होती. "झालं का रे?"

"नाय."

ती समजूत काढल्यासारखी म्हणाली, "व्हनार कसं? पेटीतल्या कागदाला लावायचं राहिलं व्हतं. तू गेल्यावर ध्यानात आलं. आता लावलंय, चांगलं ठसठशीत. उद्या बघ."

"व्हय," धनेश म्हणाला. मग त्याने कोपऱ्यातलं मिठागराचं फावडं उद्यासाठी दाराशी आणून ठेवलं.