एप्रिलमधलं लाल शेत

गिरणी कामगारांचा संप मोडला आणि माझे बाबा, कुशाबा, मिलमधली नोकरी सुटून हिंदमाताच्या बाजारात एका साडीच्या दुकानात लागले. घड्या घालताना एकच जप: गावी जायचं, आपल्या शेतात भात लावायचं. शेत धाकट्या धोंडूकाकांच्या ताब्यात. पण आमच्याकडे भावाला शेताबद्दल विचारत नाहीत; विचारलं की विश्वास नसल्यासारखं होतं. काका दरवर्षी आमच्या करी रोडच्या खोलीत गावच्या तांदळाचं पोतं आणून टाकायचे, बाबा मूठभर हुंगायचे आणि विषय संपायचा.

मी उपग्रहाच्या चित्रांवरून पिकं ओळखायचं काम करते. सप्टेंबरच्या चित्रात आमचं शेत शोधून बाबांना दाखवलं.

"एवढं लाल? जळलं काय गं?" ते घाबरले.

मी समजावलं, आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश हिरवी पानं जोरात परतवतात, तो आम्ही लाल रंगात दाखवतो. लाल म्हणजे तरारलेलं. झालं! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. दुसऱ्याच दिवशी बाबांनी दुकान सोडलं; येत्या पावसाला भात लावायला गावी जायचं ठरवलं.

मग एप्रिलचं चित्र हाती आलं. भात कापल्यावर जमीन उघडी पडते, चित्रात करडी दिसायला हवी. आमची मात्र तशीच लाल. म्हणजे भात नव्हेच, बारमाही हिरवी झाडं. बाबांना सांगितलं तर माझ्यावरच उखडले.

"भावावर आभाळातून पाळत ठेवतेस? लाज नाही वाटत?"

मलाही संताप आला. खरं सांगणारीचंच डोकं फोडायचं!

मे महिन्यात काका पोतं घेऊन आले. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "धोंडू, शेतात काय आसा?"

काकांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "काजूची कलमां लावली, दादा. भात करूक माणसां खंय गावतत?"

"आणि हे तांदूळ?"

"इकत घेतलेले. संपापासून तू ह्या तांदळार जीव टाकतंस. तुका सांगूचो धीर नाय झालो."

शिव्या द्याव्यात तर कोणाला? बाबा पोत्याकडे बघत हळूच म्हणाले, "म्हंजे माका थंय काय कामच नाय?"

"कलमांच्या राखणीक माणूस होयो," काका चाचरत म्हणाले. "येतलंस?"

स्वतःच्याच जमिनीवर राखणदार! मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर बाबा म्हणाले, "येतलंय."