गळ्याची उजवी बाजू

इंजेक्शन दिलं की तासभर गप्प बसायचं, एवढाच स्कॅनआधीच्या त्या खोलीचा नियम. इंजेक्शनमधली साखर किंचित किरणोत्सारी असते. शरीराचा जो भाग जास्त राबतो तो ती जास्त ओढून घेतो आणि स्कॅनवर उजळतो. कर्करोगाच्या गाठी हावरट, म्हणून त्या उठून दिसतात. पण चघळलं तर जबडा उजळतो आणि बोललं तर गळा. मग रोग किती आणि बडबड किती, हे ठरवताना नाकी नऊ येतात.

टेक्निशियन हे प्रत्येकाला सांगायची. टेलरमावशींनाही तिने सांगितलं होतं.

मावशींना लिम्फोमा होता, रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाने त्यांना अस्थिमज्जा दिली. वर्षभरात भाऊ अपघातात गेला. मज्जा राहिली. मावशींच्या अंगातलं सगळं रक्त आता तिच्यातूनच तयार होत होतं.

स्कॅनवरच्या उजळ भागांभोवती रेघ ओढली की संगणक त्यांचं आकारमान सांगतो. सगळ्यांची बेरीज म्हणजे अंगात एकूण रोग किती. मज्जा मिळण्याआधी मावशींची बेरीज दोन पेले भरतील एवढी होती. नंतर ती शून्यावर आली आणि शून्यावरच राहिली. आज मात्र गळ्यात उजव्या बाजूला वाटाण्याएवढा ठिपका दिसत होता.

"बोलल्या असतील," डॉक्टर म्हणाले. "तू कॅमेऱ्यावर बघत होतीस ना?"

"बघत होते सर. ओठ मिटलेले होते."

"मग पोटातून बोलल्या असतील." आपल्याच विनोदावर हसून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पण बोलण्याने दोन्ही बाजू उजळतात. एकच उजळली, म्हणजे एक तर रोग, नाहीतर डावा स्वरतंतू लुळा पडलाय आणि उजवा दोघांचं काम करतोय. आवाज घोगरा आहे का त्यांचा?"

"खणखणीत आहे. फाटकातून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावर ऐकू येईल."

"मग रोगच धरावा लागेल. तरी घाई नको. पुन्हा एक स्कॅन करू. तेव्हाही दिसला तर ही मज्जा पुसून काढायची आणि नवा दाता शोधायचा."

हे मावशींना सांगायचं काम टेक्निशियनकडे आलं. मावशी बाकावर बसून ब्लाउजच्या बाहीला हेम घालत होत्या. सुई थांबली.

"पुसून काढायची? दादाची?"

"ठिपका राहिला तरच."

"मरणाचं मला काही नाही गं. पण त्याचं एवढंच तर उरलंय."

"मावशी, तुमच्या गळ्याचं कधी ऑपरेशन झालं होतं का?"

"माझ्या? छे! दादाच्या झालं होतं, थायरॉइडचं. डावी तार कायमची गेली. पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा बोलायचा. पण गप्प बसेल तर शपथ! समोर माणूस असो वा नसो, तोंडाचा पट्टा चालू."

डाव्या-उजव्याचं टेक्निशियनने मावशींना सांगितलंच नव्हतं.

"तरी मी त्याला बजावलं होतं," मावशींनी दोरा दाताने तोडला, "इथे बोलायचं नाही म्हणून. पण धाकटीचं ऐकतोय कोण?"

पुढच्या वेळी मावशी आल्या तेव्हा पिशवीत शिवण नव्हतं. इंजेक्शन घेताना त्या एवढंच म्हणाल्या, "आमचं ठरलंय. माझा गळा वापरायचा नाही."

शिशाचं अस्तर असलेलं जड दार लागलं. टेक्निशियनने या वेळी कॅमेऱ्यावरची नजर हलवली नाही. मावशी गळ्याशी पांघरूण घेऊन बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. अधूनमधून त्या मान हलवत होत्या. एकदा हसू आवरण्यासाठी त्यांनी पांघरुणाचं टोक तोंडावर धरलं.

तास झाल्यावर टेक्निशियन स्पीकरवरून म्हणाली, "चला मावशी."

मावशींनी बोट वर केलं. समोरच्याचं वाक्य अर्धवट असताना मधे बोलणाऱ्याला आपण करतो, तसं. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. क्षणभराने मान डोलावून त्या उठल्या.

स्कॅनमध्ये गळा दोन्ही बाजूंनी काळाभोर होता.

"शून्य!" डॉक्टर म्हणाले. "उगाच जीव टांगणीला लावला बाईंचा."

"सर, कानांच्या वर बघा."

दोन्ही कानशिलांच्या आत, मेंदू आवाज ऐकतो त्या पट्ट्या लखलखत होत्या. मावशींच्या आधीच्या कुठल्याच स्कॅनमध्ये त्या अशा नव्हत्या.

"गाणी लावली होतीस का?"

"नाही सर. आत बाहेरचं काही ऐकूही येत नाही."

डॉक्टरांनी तो भाग मोठा करून पाहिला. या वेळी त्यांनी विनोद केला नाही. "मेंदू तसाही साखर खातोच," ते म्हणाले. "तो आपण बेरजेत धरत नाही." आणि त्यांनी चित्र हनुवटीपासून खाली सरकवलं.

मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या. हात रिकामे, त्यामुळे बोटं पदराशी चाळा करत होती.

"शून्य आलंय मावशी. काही पुसायचं नाही."

मावशींनी डोळे मिटले. टेक्निशियन तिथून हलली नाही. विचारू नये हे तिला कळत होतं.

"आत तासभर काय ऐकत होतात?"

मावशींनी चमकून वर पाहिलं. चेहऱ्यावरचा सगळा आनंद ओसरला होता. "ऐकलेलंही दिसतं तुमच्या मशिनीत?"

"दिसतं. पण डोक्यातलं आम्ही रोगात धरत नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

मावशींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मान जराशी डावीकडे झुकवून, रुसलेल्या माणसाची समजूत घालावी तशा त्या हळूच म्हणाल्या, "मग तिथेच राहा हं."

टेक्निशियन त्यांच्या उजवीकडे उभी होती.