अर्ध्या माणसाची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. सागवानाची, हाताहून थोडी लांब, पितळी बिजागऱ्यांची. मित्रांनो, पेटीला असे काय सांगायचे असणार, असे तुम्हाला वाटेल. पण माझ्या पोटात चाळीस वर्षे अर्धा माणूस होता. त्याच्याबद्दल आणि माझ्याकडून झालेल्या एका चुकीबद्दल मला बोलायचे आहे.

माझा जन्म महूच्या छावणीत झाला. एका सुताराने मला लष्करी दवाखान्यासाठी बनवले. त्याने माझे झाकण इतके नेमके बसवले की आत काडीही शिरू नये. काम संपल्यावर त्याने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "हिच्यात ठेवलेलं हिच्यातच राहील." ती शाबासकी होती. मी ती जरा जास्तच मनावर घेतली.

दवाखान्यात माझ्यात औषधांच्या बाटल्या असत. पुढे लोखंडी कपाटे आली आणि मला भंगारात काढले. इंदूरला डॉक्टरी शिकणाऱ्या एका मुलाने मला उचलून वसतिगृहात नेले. त्याच आठवड्यात एक माणूस गोणी घेऊन आला. गोणीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली हाडे होती. कवटी, एका बाजूचा हात, एका बाजूचा पाय, काही बरगड्या, मणके. डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला खरी हाडे हातात घेऊन शिकावे लागते. म्हणून असा अर्धा सांगाडा मुले घेत आणि वर्ष संपले की खालच्या वर्गातल्या कोणाला तरी देत.

माझ्या बाबतीत एक रिवाज पडला होता. पहिल्या वर्षाची परीक्षा पास झाली की आपले नाव झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहायचे आणि मगच पेटी पुढे द्यायची. मला अक्षरे फार उशिरा आली. ती मी याच नावांवरून शिकले. मुले मोठ्याने पाठ करीत, मी ऐकत असे. कोणीतरी माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणे, "हिच्यावर शिकलेला नापास होत नाही." मला फार बरे वाटे.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नाही. रात्री हाडे जशी ठेवली जात, तशी ती सकाळी नसत. मांडीचे हाड डाव्या भिंतीला लावून ठेवावे, तर ते उजवीकडे सापडे. मुले एकमेकांवर आळ घेत. भर दुपारी, खोली रिकामी असताना, माझ्या झाकणाला आतून काहीतरी हळूच टेकत असे. जोर नसे त्यात. दाराशी कोणी उभे राहून कडी वाजवायला संकोच करावा, तसे ते होते. मी माझे झाकण आणखी घट्ट करी. ठेवलेले आतच राहायला हवे, एवढेच मला माहीत होते.

दहावे नाव ज्ञानदीपचे होते. तो आता हातोदच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. त्याने रिवाज मोडला, पास झाल्यावरही पंचवीस वर्षे मला स्वतःजवळच ठेवले. त्याची पुतणी संबोधी तेव्हा दहावीला होती. फार हुशार मुलगी. त्याने मला आपल्या मोठ्या भावाच्या घरी आणले आणि लाडाने, स्वतःच्या नावाखाली, तिचेही नाव लिहून टाकले. "डॉ. संबोधी." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. पण दहा नावांमागे माणसे उभी होती. अकराव्या नावामागे अजून कोणीच नव्हते. त्या दिवसापासून मी त्या मुलीला आपली समजू लागले.

घरात तिघेच. संबोधी, तिचे वडील पंचशील आणि आजी भीमाबाई. आई प्रीती ही संबोधी लहान असतानाच वारली होती. पंचशील वीज मंडळात कामाला. भीमाबाईंचे सासरे महूच्या पलटणीत होते, हे त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. मला संबोधीच्या खोलीत, टेबलाखाली ठेवले होते. तिचे पाय माझ्यावर असत.

बारावीनंतर तिने डॉक्टरीची प्रवेश परीक्षा दिली. जागा मिळाली नाही. वर्षभर थांबून पुन्हा दिली. या वेळी गुण वाढले, पण सरकारी कॉलेजसाठी थोडेसे कमीच पडले. खाजगी कॉलेज घराच्या आवाक्यात नव्हते. परदेशी जायला मात्र तेवढे गुण पुरत होते. मुलांना परदेशी पाठवणारे एक ऑफिस इंदूरच्या पलासिया भागात होते, तिथल्या उन्मेष सरांनी किर्गिझस्तानातल्या बिश्केक शहरातल्या एका कॉलेजात जागा मिळवून दिली. आता तिसऱ्यांदा परीक्षा द्यायची, की बिश्केकला जायचे?

एका रविवारी पोहे खाताना ज्ञानदीप आणि पंचशील यावरून भिडले. खोलीचे दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते.

"दादा, एक साल अजून द्या तिला," ज्ञानदीप म्हणाला. "अठरा मार्कांचा तर सवाल आहे. तिकडून शिकून आलेल्यांना इथे परत परीक्षा द्यावी लागते. किती जण अटकतात, मी बघतो ना."

"आणि पुढच्या वर्षी कटऑफ अजून चढला तर? मग अजून एक साल? पोरीचे केस पांढरे होतील खोलीत बसून."

"तिथे बर्फ पडतो भिया!" चिडला की ज्ञानदीप दादाला असे इंदुरी थाटात 'भिया' म्हणे. "ही इथे डिसेंबरमध्ये दोन स्वेटर घालते."

"मग तीन घालेल."

"दोघे गप्प बसा जरा," भीमाबाई म्हणाल्या. "जायचंय कोणाला? तुम्हाला? तिला विचारा."

सगळे तिच्याकडे वळले. संबोधी म्हणाली, "बघू ना. शेव द्या इकडे."

ती नेहमी असेच म्हणे. काकांनी एकटीला गाठून समजावले की ती म्हणे, "बरोबर आहे काका, ड्रॉपच घेते, देते अजून एकदा परीक्षा." वडिलांशी बोलताना म्हणे, "चालेल पप्पा, जाते." मला तिचे हे डगमगणे आवडत होते. जोवर ती ठरवीत नव्हती, तोवर ती माझ्याजवळ होती. माणसाची हाडे काही विमानातून नेता येत नाहीत. ती गेली तर मला टाकून जाणार, हे उघड होते.

पासपोर्ट आला तेव्हा भीमाबाईंनी तो, मार्कशीट आणि कॉलेजचे पत्र एका पिशवीत घालून माझ्यात ठेवले.

"आजी, हाडांत?" संबोधीने विचारले.

"मग काय कपाटात ठेवू? चोर आला तर पहिलं कपाट उघडेल. हिला हात लावायची हिंमत आहे का कोणाची?"

अशा रीतीने तिचे जाणे माझ्या पोटात आले. मित्रांनो, त्या दिवशी मला काय वाटले ते सांगायला लाज वाटते. मला वाटले, आता हे आतच राहील.

ऑगस्टमधली ती शेवटची तारीख होती. पाच वाजेपर्यंत पासपोर्ट पलासियाच्या ऑफिसात दिला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. दुपारी दोनला पंचशीलचा फोन आला. संबोधीने तो स्पीकरवर ठेवला.

"बेटा, मी काही बोलणार नाही. जायचं असेल तर नेऊन दे. नसेल तर घरी बस. संध्याकाळी आल्यावर मी विचारणारही नाही, वचन."

"पप्पा, तुम्हीच सांगा ना."

"नाही. जय भीम." आणि त्याने फोन ठेवला.

तिने घड्याळ पाहिले. मग म्हणाली, "नुसता काढून तरी ठेवते." ती जमिनीवर बसली आणि तिने माझी कडी काढली. मी श्वास ओढून धरला. लाकूड श्वास ओढते तेव्हा फुगते. तिने झाकण ओढले. ते हलले नाही. दोन्ही हातांनी ओढले. तरी नाही.

भीमाबाई दारात आल्या. "पावसानं फुगलं असेल लाकूड. राहू दे. पंचशील आला की बघेल."

"पप्पा सहाला येतात आजी."

"मग झालं तर. ज्ञानदीप म्हणतो तसं करायचं. तुझंही तेच मन होतं ना?"

संबोधीने पुन्हा झाकण ओढून पाहिले. खोलीत पंख्याचा आवाज होता. आत, माझ्या झाकणाला खालून काहीतरी टेकले. मी दुर्लक्ष केले. पुन्हा टेकले. त्या दिवशी त्यात संकोच नव्हता.

"आजी," संबोधी हळूच म्हणाली, "हे उघडत नाही म्हटल्यावर मला बरं वाटायला पाहिजे होतं ना? सुटले असं?"

"मग?"

"मला राग येतोय. एवढा राग कधी आला नव्हता." ती म्हणाली, "दोन वर्षं तेच प्रश्न सोडवते आहे मी. प्रश्न बदलून येतात, उत्तरं तीच. मला आता माणूस बघायचाय आजी. आजारी माणूस. बर्फात बघायला लागला तरी चालेल."

भीमाबाईंनी तिच्याकडे पाहिले. आत गेल्या आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणि स्क्रू फिरवायचा एक पेचकस घेऊन आल्या. "घे," म्हणाल्या. "पण बोट सांभाळ."

तिने माझ्या फटीत पेचकस घातला आणि वरून बत्ता मारला. मी हलले नाही. दुसरा घाव बसला, एक बिजागरी उखडली. मी तरीही धरून राहिले. महूचा सुतार चांगला कारागीर होता आणि मी त्याचा शब्द राखत होते. तिसऱ्या घावासाठी तिने हात वर नेला, पण तो घाव बसलाच नाही. त्याआधीच मी उघडले.

मित्रांनो, मी उघडले नाही. मी सगळी ताकद लावून धरले होते. मला आतून कोणीतरी ढकलले.

झाकण मागे आपटले, मी कलंडले आणि हाडे फरशीवर पसरली. पिशवी सर्वांत वर होती, जणू कोणी ती हातात धरून बाहेर दिली होती. संबोधीच्या हातातला बत्ता अजून हवेतच होता. तिने तो सावकाश खाली ठेवला.

"लागलं का गं तुला?" भीमाबाई घाबरून म्हणाल्या.

"नाही आजी, मला नाही लागलं."

"तुला नाही विचारलं," भीमाबाई म्हणाल्या. त्या हाडांकडे पाहत होत्या.

संबोधीने एकेक हाड उचलायला सुरुवात केली. दंडाचे हाड उचलताना ती थांबली. तिने ते खिडकीशी नेले, मग ज्ञानदीपला फोन लावला.

"काका, सॉरी. पेटी पडली. दंडाच्या हाडाला वर चीर गेली आहे."

"कुठे? खांद्याच्या गोळ्याखाली, गोल फिरलेली?"

"हो."

"ती चीर नाही गं. तुटलं नाही ते, जुळायचं राहिलंय. वाढत्या वयात ते टोक वेगळं असतं. एकोणीस-वीसला जोडलं जातं."

"म्हणजे हा माणूस..."

"मुलगी होती. तुझ्याएवढी."

फोनमधून त्याच्या दवाखान्यातल्या लोकांचे खोकणे ऐकू येत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"प्रॅक्टिकलच्या वहीत लिहायचं असतं ना. स्त्री, वय अठरा ते वीस. दहापैकी आठ मिळाले होते मला."

"मग?"

"मग काय? पुढच्या पानावर बरगडी होती." तो म्हणाला, "खरंच गं, परत कधी आठवलंच नाही."

चाळीस वर्षे मीही त्याला अर्धा माणूसच म्हणत आले. दहा जणांनी तिच्यावर हात ठेवून विद्या घेतली, दहा वह्यांत तिचे वय लिहिले. ती बाहेर यायला बघत होती आणि मी झाकण घट्ट करीत होते. मला वाटे, मी तिला सांभाळते आहे.

"काका, मी पासपोर्ट द्यायला चालले," संबोधी म्हणाली.

"अगं, पण आपलं ठरलं होतं ना!"

"तुमचं ठरलं होतं."

ज्ञानदीप चिडून आणखी काही बोलू लागला. मग आवाज उतरवून म्हणाला, "तिकडून आल्यावरची परीक्षा अवघड असते. मी शिकवीन. पण रडायचं नाही."

"रडले तर?"

"तर रडत शिकायचं."

तिने चेहरा धुतला, स्कूटीची किल्ली घेतली. जाता जाता वाकून कवटीच्या कपाळाला हात लावला आणि काहीतरी पुटपुटली. ते मला ऐकू आले नाही. ते माझ्यासाठी नव्हते.

त्यानंतर भीमाबाईंनी जमिनीवर गोधडी अंथरली आणि हाडे एकेक करून तिच्यावर मांडली. मांडता मांडता त्या बोलत होत्या, जसे एखाद्या माहेरी आलेल्या मुलीशी बोलावे. जेवलीस का, कुठली तू, घरी कोण होते तुझ्या. मध्ये मध्ये त्या थांबत आणि मान हलवीत. काय ऐकून, ते मला ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी ज्ञानदीप आला. हाडे त्याने दुसऱ्या कोणा विद्यार्थ्याला दिली नाहीत. आपल्या जुन्या सरांना विचारून, रीतसर अर्ज लिहून, त्याने ती कॉलेजाकडे सोपवली. देहदान केलेल्या लोकांसोबत त्या मुलीलाही शेवटचा निरोप मिळाला. भीमाबाई हट्टाने गेल्या होत्या. घरी येऊन त्यांनी अंघोळ केली आणि ती गोधडी धुऊन वाळत घातली.

संबोधी सप्टेंबरमध्ये गेली. तिने केले ते बरोबर की चूक, हे सहा वर्षांनी कळेल. कदाचित तेव्हाही कळणार नाही. तिच्या खोलीत मी एका बिजागरीवर उभी आहे. माझ्यात आता काही नाही. तरी दुपारी आत कोणी टेकले का, म्हणून मी कान देते. कोणीच टेकत नाही. ती शांतता मला सहन होत नाही, पण ती माझ्या वाट्याची आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी जावे की राहावे अशा पेचात असेल, तर त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. त्याच्या नावाची पाटी आधीच रंगवू नका. तुमच्यातले काही जण पुढे डॉक्टर होतील. एक दिवस कोणी तुमच्या हातात एक हाड देईल आणि त्याचे नाव विचारेल. ते नाव जरूर सांगा, पण पान उलटण्याआधी क्षणभर थांबा. ते हाड नीट पाहा. ज्याचे ते आहे, ते कोणी तुमच्याच वयाचे असेल, आणि कितीतरी दिवसांपासून कोणी विचारेल म्हणून वाट पाहत असेल.